कोरड्या ब्रशने अंग घासणं: कुणी नेटाने केलंय का? (आणि माझ्या नडगीचं काय करू?)

कपाट_नंबर_सात
१८ जानेवारी, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. तीन वर्षं नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. सांभाळून घ्या.

वय ४६, राहायला पुण्यात धायरीला, नोकरी शहरातल्या एका शाळेत ग्रंथपालाची. म्हणजे दिवसभर पुस्तकांची धूळ आणि तासातासाला हात धुणं. थंडी पडली की माझ्या दोन्ही नडग्या पांढऱ्या पडतात. काळी लेगिंग उलटी करून झटकली तर चाळणीतून पीठ पडावं तसं पडतं. शिवाय दंडांना मागच्या बाजूला बारीक पुरळ आहे, ते कॉलेजपासूनचं. दुखत नाही, खाजत नाही, पण हात फिरवला की किसणी. आईलाही होतं. बिनबाह्यांचा ब्लाउज शिवायची हिंमत कधी झाली नाही ती त्यामुळेच.

दिवाळीत नाशिकची मावसबहीण आली होती. तिची कातडी बघून मी विचारलं, तर तिने फोनवर एक व्हिडिओ लावून दिला. आंघोळीआधी पाच मिनिटं, अंग कोरडं, ब्रश कोरडा, पावलांपासून सुरुवात करायची आणि प्रत्येक हात हृदयाच्या दिशेने. व्हिडिओतली बाई सांगत होती की याने शरीरातली विषं बाहेर पडतात, लिम्फ वाहायला लागतं, मांड्यांवरच्या खळ्या जातात आणि मुख्य म्हणजे 'आपण स्वतःला वेळ देतो'. पहिल्या तीन गोष्टींतलं मला काही कळत नव्हतं. चौथीला मात्र मी भुलले. आमच्या घरात माणसं चार आणि बाथरूम एक. सकाळी सहा ते सातमध्ये दार न वाजता कुणाची आंघोळ पुरी झाल्याची नोंद आमच्याकडे नाही.

मग ब्रश आला. ऑनलाइन, ६४९ रुपये, छान लाकडी मूठ वगैरे. खोक्याच्या तळाशी बारीक अक्षरात बघितलं तर 'बोअर ब्रिसल'. नवरा म्हणाला, "बोअर म्हणजे रानडुक्कर." सासूबाई ताट घेऊन तिथेच बसल्या होत्या. त्यांचं वय ८१, माहेर वाई. बाकी आमच्याकडे सोवळं-ओवळं काही उरलेलं नाही, पण डुकराचे केस म्हटल्यावर त्यांनी घास खाली ठेवला. ब्रश परत गेला.

पुढच्या शनिवारी शाळा सुटल्यावर बोहरी आळीत गेले. तिथे एका दुकानात भिंतभर नुसते ब्रश टांगलेले: बाटल्यांचे, गालिच्याचे, कोट झाडायचे, चुना लावायचे. मालकाने विचारलं, "कशाला पाहिजे?" म्हटलं, "अंगाला." त्याने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा भिंतीकडे. "मग ताई, तुम्ही हातात धरलाय तो सतरंजीचा आहे." शेवटी वरच्या फळीवरून एक लंबगोल लाकडी काढून दिला, मागे हात घालायला पट्टा. तंतू कसले विचारलं तर म्हणाला, "घायपाताचे, ज्याचे दोर वळतात ना, ते." १८० रुपये. म्हणजे रानडुकराची सुटका आणि ४६९ रुपयांची बचत.

पहिला दिवस मला नीट आठवतो. रविवार होता, म्हणून उशिरा, साडेआठला गेले. आमच्या बाथरूमच्या झरोक्यातून त्या वेळी उन्हाची एक पट्टी आत येते. नडगीवर ब्रश फिरवला आणि त्या पट्टीत माझीच भुकटी तरंगताना दिसली. अगदी कपाटातून जुना खंड काढून फुंकर मारावी तशी. किळस यायला हवी होती, पण सांगते, भलतंच समाधान वाटलं. आंघोळ करून खोबरेल लावलं आणि पाय असे झाले होते की मी दिवसभर उगाच हात फिरवत होते.

तिथेच थांबायला हवं होतं. पण आपला स्वभाव. एक घर आवरलं की माळाही काढायचा. दुसऱ्या आठवड्यापासून रोज, मग दंडांवर दोनदा, मग जरा दाबून, कारण पुरळ जात नव्हतं. बाहेर खर्र खर्र आवाज जायचा. सासूबाईंनी एकदा दाराबाहेरून विचारलं, "घोड्याला खरारा करतात तसं काय चाललंय गं आत?" मुलगा तेव्हापासून मी बाथरूममध्ये गेले की टापांचा आवाज काढतो.

संक्रांतीला नेहमीसारखं तिळाचं वाटण लावून आंघोळ केली आणि दोन्ही दंड, गळ्याखालचा भाग असा काही चरचरला की डोळ्यांत पाणी आलं. नंतर ट्यूबलाइटखाली नीट बघितलं. दंड लाल, पुरळ होतं तिथेच आणि वर चिडलेलं. गळ्याखालच्या हाडावर आणि डाव्या नडगीच्या मधोमध, जिथे हाड अगदी वर आहे तिथे, तपकिरी पट्टा. मळ असेल म्हणून आणखी घासला. (हो. मला माहितेय.)

चार दिवस ब्रश बंद आहे. तर मला विचारायचंय ते हे की हे मुळात चुकीचं आहे, की मी केलं ते चुकीचं? लिम्फ आणि विषं यांत काही तथ्य आहे का? आणि तो पट्टा जाईल ना?

ता. क. 'डॉक्टरला दाखवा' हे कळतं. पुढच्या शनिवारची वेळ घेतलीये. तोवर धीर द्या.

---

फुकट_सल्लागार
१८ जानेवारी, रात्री ११.०२

स्वतःला वेळ द्यायला ब्रश कशाला लागतो?

---

कपाट_नंबर_सात
१८ जानेवारी, रात्री ११.०९

कडी लागते. ब्रश हे निमित्त.

---

पेठेतला_भाडेकरू
१९ जानेवारी, सकाळी ७.१५

खरारा! वाहवा. सासूबाईंना दंडवत.

अंग खरवडण्याचा नाद माणसाला जुनाच आहे. ग्रीक मल्ल अंगाला तेल माखून आखाड्यात उतरत आणि नंतर धातूच्या वाकड्या पट्टीने तेल, धूळ, घाम सगळं एकदम निपटून काढत. त्या पट्टीचं नाव स्ट्रिजिल. तुर्की हमाममध्ये 'केसे' नावाचा खरखरीत हातमोजा असतो, पण तो वाफेने अंग मऊ झाल्यावर, म्हणजे ओल्या अंगावर. जपानात 'कानपू मासात्सु' करतात: थंडीत उघड्या अंगाने कोरड्या फडक्याने पाठ चोळायची. आमचे आजोबा जपानला न जाता हेच करत. त्यांचा पंचा दोरीवर वाळला की उभा राहायचा. त्याने ते आंघोळीनंतर अंग पुसत नसत, तासत.

आणि वज्री विसरलात? तुळशीबागेत पितळेची अजून मिळते. पण बघा, आपल्या लोकांनी वज्री टाचेला दिली. टाचेची कातडी जाड, ती सोसते. नडगीवर हाडाच्या आणि कातडीच्या मध्ये काहीच नाही. तुम्ही टाचेची शिक्षा नडगीला दिलीत.

अवांतर: मुलाला टापांबद्दल शाबासकी.

---

उंड्री_टँकर
१९ जानेवारी, सकाळी ९.३०

तुमच्या तपकिरी पट्ट्यावरून लिहितोय, कारण माझा गळ्याखालचा पट्टा जायला वर्ष लागलं.

आमच्या सोसायटीत बोअरवेलचं आणि टँकरचं पाणी. जड पाणी म्हणजे काय ते खडकवासला धरणाचं पाणी पिणाऱ्यांना कळायचं नाही. बादलीला पांढरा थर, नळाच्या तोटीला खडे, आणि साबणाला फेसच येत नाही. उलट साबणाची साय अंगावर बसते. चिकट वाटतं, म्हणून मी नायलॉनची जाळीदार घासणी घेतली आणि रोज रगडायचो. सात-आठ महिन्यांनी दोन्ही गळपट्टीच्या हाडांवर आणि पाठीच्या कण्यावर काळपट डाग. मला वाटलं मळ बसतोय, म्हणून अजून जोरात. तुम्ही केलंत तेच.

त्वचेच्या डॉक्टरांनी शर्ट काढायला लावला, दोन सेकंद बघितलं आणि पहिला प्रश्न विचारला, "घासता कशाने?" या प्रकाराला फ्रिक्शन मेलॅनोसिस म्हणतात, घर्षणाने येणारा काळेपणा. आपल्यासारख्या सावळ्या-गव्हाळ कातडीत हा सर्रास दिसतो म्हणाले. जपानात नायलॉनच्या टॉवेलने अंग घासणाऱ्यांमध्ये हेच डाग सापडले होते, म्हणून तिकडच्या डॉक्टरांनी त्या टॉवेलचंच नाव त्याला दिलं. जिथे हाड वर आहे तिथे येतो: गळपट्टी, कणा, कोपर, नडगी. रगड बसली की कातडी स्वतःला वाचवायला रंग जास्त तयार करते, आणि तो रंग खाली झिरपून बसला की वरून कितीही घासा, तो वर नाहीये.

उपाय काय दिला, तर घासणी फेका. बस. एक मलम दिलं होतं, आणि उन्हात गळा झाकायला सांगितला. पण मुख्य म्हणजे घासणी फेका. चौथ्या महिन्यात फिका व्हायला लागला. तुमचा दोन महिन्यांचाच आहे, माझ्यापेक्षा लवकर जाईल असं वाटतं. मात्र रोज आरशात बघू नका, डोकं फिरतं.

---

हात_वर_करा
१९ जानेवारी, दुपारी २.२०

जेवणाच्या सुट्टीत लिहितेय, शुद्धलेखन माफ करा. मी फिजिओथेरपिस्ट आहे. माझे बरेचसे पेशंट म्हणजे स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेल्या बायका, ज्यांच्या काखेतल्या लिम्फच्या गाठी काढल्यावर हात सुजतो. लिम्फ, म्हणजे पेशींमधून वाहिन्यांत परत येणारा पातळ द्रव, हा शब्द मी दिवसातून पन्नासदा उच्चारते, म्हणून तेवढ्यावर बोलते.

रक्ताला हृदयाचा पंप असतो, तसा लिम्फला नसतो. त्याच्या वाहिन्या स्वतः हळूहळू आकुंचन पावतात, त्यात एकमार्गी झडपा असतात, आणि बाकीचं काम तुमचे स्नायू आणि तुमचा श्वास करतात. पोटरी आवळली की लिम्फ वर सरकतं. शेवटी ते सगळं गळपट्टीच्या हाडामागे मोठ्या शिरांमध्ये जाऊन मिळतं. म्हणजे धायरीच्या तुमच्या इमारतीचा जिना दोनदा चढलात तर पायांच्या लिम्फसाठी ब्रशपेक्षा जास्त केलंत.

आम्ही हाताने जे लिम्फ ड्रेनेज करतो त्यात दाब इतका कमी असतो की पेशंट विचारतात, "मॅडम, सुरू केलं का?" कातडी फक्त ताणायची असते, लाल करायची नसते. आणि क्रम व्हिडिओच्या उलटा. आधी गळ्याजवळची वाट मोकळी करायची, मग दंड, मग मनगट. पुढचा सिग्नल सुटला नसेल तर मागून गाड्या ढकलून काय होणार? निरोगी माणसात लिम्फ तुंबलेलंच नसतं, त्यामुळे तुमचं नुकसान काही झालेलं नाही, फायदाही नाही. विषं गाळायचं काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात. ती कातडीखाली साठवून ब्रशची वाट बघत बसत नाहीत.

मांड्यांवरच्या खळ्या: कातडीखालची चरबी धाग्यांच्या जाळीतून वर फुगते, आणि धागे जिथे ओढून धरतात तिथे खळी पडते. बहुतेक सगळ्या बायकांना असतात, बारीक असलेल्यांनाही. ब्रश केल्यावर तास-दोन तास कमी दिसतात, कारण घासल्याने रक्त वर येऊन कातडी जरा फुगते. तेवढ्यात फोटो काढला की व्हिडिओ तयार.

आता एक गंभीर गोष्ट, तुमच्यासाठी नाही, पण धागा बरेच जण वाचतील म्हणून. ज्यांच्या काखेतल्या किंवा जांघेतल्या गाठी काढल्यात, त्यांनी त्या हाताला किंवा पायाला ब्रश लावू नका. डोळ्यांना न दिसणाऱ्या ओरखड्यातून जंतुसंसर्ग होतो आणि सूज कायमची वाढते. मी बघितलंय. मधुमेह असून पायाला संवेदना कमी असेल तर तेच. वर आलेल्या निळ्या शिरा, तीळ, चामखीळ, जखम, उन्हाने भाजलेली जागा, सगळ्यांना वगळा. आणि गजकर्ण असेल तर ब्रश म्हणजे बियाणं पेरायचं यंत्र.

---

कपाट_नंबर_सात
१९ जानेवारी, रात्री ९.५०

@उंड्री_टँकर, 'तो रंग वर नाहीये' हे वाक्य वाचून मी ब्रश कपाटावर ठेवून आले. वर्ष! आमच्याकडे पाणी बरं आहे, मला तर तेवढंही निमित्त नव्हतं.

@हात_वर_करा, सिग्नलचं नवऱ्याला वाचून दाखवलं. तो रोज सिंहगड रोडच्या गर्दीतून जातो, त्याला लिम्फ लगेच कळलं. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट आहे. उद्यापासून जिना.

दंडावरच्या पुरळाबद्दल कुणी बोलेल का? मुळात मी घसरले ते त्याच्यामुळे.

---

कुळथाचं_पीठ
२० जानेवारी, सकाळी ६.४५

ताई, मी आयुर्वेदाच्या शेवटच्या वर्षाला आहे, म्हणून अधिकाराने नाही, अभ्यास म्हणून सांगते.

आपल्याकडे दिनचर्येत याच्या जवळचा प्रकार आहे, उद्वर्तन. अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात अभ्यंग, व्यायाम, मग उद्वर्तन असा क्रम येतो. कुळीथ, त्रिफळा अशी चूर्णं अंगावर खालून वर, लवीच्या उलट दिशेने चोळायची. कफ आणि मेद कमी करायला सांगितलंय. म्हणजे मूळ कल्पना जड, तेलकट, सुस्त शरीरासाठी. ज्याची कातडी आधीच फुटतेय, थंडीत पीठ पडतंय, त्याच्याकडे वात वाढलेला. त्याला रूक्ष घर्षण देणं म्हणजे उन्हाळ्यात शेगडी पेटवणं. त्याला आधी तेल. दिवाळीत आपण काय करतो आठवा: आधी तेल जिरवतो, मग उटणं लावतो. कोरड्या अंगाला कुणी उटणं फासत नाही.

दंडाचं पुरळ: आमच्या त्वचेच्या तासाला शिकवलेलं सांगते. केसाच्या मुळाशी केराटिनचं, म्हणजे कातडीतल्या कडक प्रथिनाचं, बूच बसतं, म्हणून प्रत्येक खड्याच्या मध्ये एक अडकलेला केस असतो. केराटोसिस पिलारिस म्हणतात. घराण्यात चालतं, थंडीत वाढतं, त्रास काही देत नाही. घासून बूच निघत नाही, भोवतीची कातडी मात्र सुजते. युरिया किंवा लॅक्टिक अ‍ॅसिड असलेलं मलम बूच मऊ करतं. पण आता ओरखडे आहेत तोवर ते लावू नका, तीळ चरचरले त्याच्या दुप्पट चरचरेल. हे डॉक्टरांना विचाराच.

---

पेठेतला_भाडेकरू
२० जानेवारी, सकाळी ७.२०

"उन्हाळ्यात शेगडी पेटवणं." अभ्यासात असंच लिहिलंत तर पास व्हाल.

ब्रशबद्दल राहिलं. विदेशी जाहिरातीत 'टॅम्पिको' लिहिलेलं असतं तोही मेक्सिकोतल्या अगेव्हचाच तंतू, म्हणजे आपल्या घायपाताच्या कुळातला. तेव्हा शाकाहाऱ्यांनी बिनधास्त घ्यावा. फक्त ब्रश बाथरूममध्ये टांगू नये. आठवड्याला साबणाच्या पाण्यात नुसते तंतू बुडवून धुवावे, लाकूड भिजवू नये, आणि तंतू खाली करून उन्हात वाळवावा. पुण्याच्या पावसाळ्यात तर चार महिने सुट्टीच द्या. माझ्या एका कपडे झाडायच्या ब्रशवर ऑगस्टमध्ये शेवाळ आलं होतं, हिरवं, देखणं.

---

कपाट_नंबर_सात
८ मार्च, दुपारी ३.३०

काय झालं ते सांगायचं राहिलं होतं. परीक्षांचे दिवस, त्यात पुस्तकांची वर्षअखेरची मोजणी.

डॉक्टरांकडे गेले. बाईंनी उंड्रीकरांचाच प्रश्न विचारला, "घासता कशाने?" मी हसले, त्या हसल्या नाहीत. ब्रश नेला होता, तो दाखवला. त्यांनी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला तो एकदा हलकेच ओढला आणि म्हणाल्या, "असा फिरवला असतात तर तुम्ही इथे आला नसता." पट्टा घर्षणाचाच. कातडीचा वरचा थर साधारण चार आठवड्यांनी आपोआप नवा होत असतो, वय वाढलं की त्याहून सावकाश. त्याला थोडी मदत चालते, रोज चाबूक नाही. कोमट पाणी, आंघोळ झाल्या झाल्या अंग ओलसर असतानाच मलम. माझं खोबरेल बाद नाही केलं, पण ते मी पुस्तकं लावायच्या वेगाने लावत होते, म्हणजे तासाभराने आठवेल तेव्हा. आता बाटली बाथरूममध्येच आहे.

दंड भरल्यावर दहा टक्के युरियाचं मलम सुरू झालं. किसणी आता पॉलिश पेपर झालीये, बारीक नंबरचा. अर्धं श्रेय थंडी संपल्याला द्यायला हवं. नडगीचा पट्टा आहे तिथेच आहे, कडा जरा पुसट झाल्यात असं मला वाटतं, नवऱ्याला वाटत नाही. गळ्याखालचा खरंच फिका झाला.

ब्रश फेकला नाही. रविवारी, पोटऱ्या आणि मांड्या, हलका, एकच हात. नडगी, गळा, दंड वर्ज्य. पाच मिनिटं मात्र रोजची. कडी लावते, पाटावर बसते आणि पाणी तापेपर्यंत काहीच करत नाही. मुलाने टापा वाजवल्या तरी उठत नाही.

आता नवीन भानगड. परवा सासूबाई म्हणाल्या, "तो खरारा आण गं, पाठीला खाज सुटलीये." मी त्यांना कोमट तेल लावून दिलं. डोळे मिटून बसल्या होत्या, मग म्हणाल्या, "तेल झालं. ब्रश कुठंय?"

म्हटलं, "एक डॉक्टरीण नको म्हणते."

"कुठली डॉक्टरीण?"

"फोनमधली."

"मग तिला फोनमध्येच सांग, खाज मला सुटते."

@हात_वर_करा, सांगितलं.

---

हात_वर_करा
८ मार्च, रात्री ८.०५

निरोप पोचला. मी नुसती फिजिओ आहे, पण पदवी राहू दे. ८१ व्या वर्षी कातडी कागदासारखी असते, ब्रशने सोलवटते, आणि भरायला आठवडे लागतात. तेल जिरलं की जुना, दहादा धुतलेला पंचा घ्या, सुती. घडी करून पाठीवर हळू फिरवा, कण्याच्या दोन्ही बाजूंनी, कण्यावरून नाही. आणि त्यांना म्हणावं हाच नवीन ब्रश आहे.

---

कपाट_नंबर_सात
९ मार्च, सकाळी ७.५०

केलं. "रानडुकराचा नाही ना?" एवढं विचारून घेतलं, मग गप्प. आता रोज सकाळी साडेसातचा नंबर लावलाय.